हॉस्टेलच्या वायफायवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, व्हीपीएन अडकतं: हे नक्की बंद कोण करतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात हॉस्टेलवर राहता, काम वर्क फ्रॉम होम, आणि हॉस्टेलच्या वायफायवर ब्राउझर चालतो, यूट्यूब चालतं, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉल 'कनेक्टिंग'वरच बसून राहतो, ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त रस्ता) लागत नाही, मेल येतात पण पाठवलेले आउटबॉक्समध्ये पडून. मॅनेजर म्हणतो आम्ही काहीच बंद केलेलं नाही. मग हे कायदेशीर आहे का, त्यांना आपलं काय काय दिसतं, उपाय काय, आणि दुबईतला भाऊ म्हणतो आमच्याकडेही कॉल लागत नाही तर ते पण हेच का.

हॉस्टेलं, हॉस्पिटलं, मंगल कार्यालयं, को-वर्किंग अशा ठिकाणची वायफायची कामं मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे सांगतो की तुमचा मॅनेजर बहुतेक खरंच बोलतोय. त्याने काही बंद केलेलं नसतं आणि मालकानेही नसतं. इन्स्टॉलेशनच्या दिवशी जो मुलगा फायरवॉल, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं ते ठरवणारा बॉक्स, लावायला आला होता त्याने कंपनीचं तयार टेम्प्लेट टाकलं, दोनचार टिकमार्क केले, यूट्यूब चालतंय ना बघितलं, बिल दिलं आणि गेला. तेव्हापासून तो बॉक्स जिन्याखालच्या कपाटात धूळ खात चालू आहे आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे हे सुद्धा कोणाला आठवत नाही. पब्लिक वायफायवरच्या निम्म्याहून जास्त बंद्या अशा असतात, कोणीच विचार करून घातलेल्या नसतात. हे लक्षात आलं की पुढचं भांडण बरंच कमी होतं कारण जी गोष्ट कोणी ठरवलेलीच नाही ती काढून घेणं तसं सोपं असतं, फक्त नेमकं काय उघडायचं ते त्याला सांगता आलं पाहिजे.

आता तुमची लक्षणं. इंटरनेटवरची प्रत्येक सर्व्हिस एका पोर्ट नंबरवर चालते, वेबसाइट ८० आणि ४४३ वर, बाकीच्या आपापल्या. स्वस्तातल्या सेटअपमध्ये नियम असा असतो की ८०, ४४३ आणि डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सर्व्हिस) ५३ एवढं सोडा, बाकी सगळं अडवा. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलेलं असतं ना की दूधवाला आणि पेपरवाला सोडून कोणाला आत घ्यायचं नाही, मग प्लंबर आला तरी तो गेटवरच उभा, तसं. वॉचमनचा प्लंबरवर राग नसतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज टीसीपीवरून (पोचल्याची खात्री करत डेटा पाठवायची पद्धत) जातो, गरज पडली तर ४४३ वरून पण जातो, म्हणून तो निघतो. कॉलचा आवाज मात्र यूडीपीवरून (खात्रीत वेळ न घालवता भराभर पाठवायची पद्धत) जायला बघतो, ३४७८ वगैरे पोर्ट. यूडीपी बंद असेल तर काही अ‍ॅप हार मानत नाहीत, झूम, टीम्स, गूगल मीट हे तिघंही शेवटी टीसीपी ४४३ वर येऊन कसंबसं चालवतात, आवाज थोडा तुटतो, चित्र अडकतं, पण मीटिंग होते. म्हणून तुम्हाला वाटतं की 'मीट चालतंय मग व्हॉट्सअ‍ॅपच का नाही, मुद्दाम बंद केलंय'. मुद्दाम नसतं हो. यूडीपी सरसकट बंद आहे एवढंच, आणि त्यातून कोण कसं सावरतं हे ज्याच्या त्याच्या अ‍ॅपवर आहे.

व्हीपीएनचं पण तसंच. त्याचे प्रकार असतात, ऑफिसने आयपीसेक दिलं असेल तर त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात, वायरगार्ड असेल तर बहुतेक ठिकाणी ५१८२० ठेवलेला असतो, ओपनव्हीपीएन असेल तर ११९४. हे सगळं यूडीपी, सगळं गेटबाहेर. पण एसएसएल व्हीपीएन नावाचा प्रकार असतो तो साध्या टीसीपी ४४३ वरून जातो आणि तो बहुतेक ठिकाणी चालतो. म्हणजे एकाच हॉस्टेलवर तुमच्या रूममेटचं ऑफिस व्हीपीएन लागतं आणि तुमचं नाही, असं झालं तर त्यात नवल नाही.

मेल न जाण्याचं कारण वेगळं आहे आणि ते मात्र कोणीतरी विचार करूनच केलेलं आहे. मेल पाठवायचा जुना पोर्ट २५ जगभरच्या बहुतेक इंटरनेट कंपन्या सामान्य ग्राहकांना बंद ठेवतात, कारण व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून स्पॅम याच वाटेने सुटायचा. तुमच्या आउटलुकमध्ये आउटगोइंग सर्व्हरला २५ टाकलेला असेल, ऑफिसच्या आयटीला विचारून तो ५८७ किंवा ४६५ करा. यासाठी हॉस्टेलवाल्याकडे जायची गरज नाही आणि जाऊन उपयोगही नाही. फक्त एवढंच की ८०-४४३ वाला कडक नियम असेल तर ५८७ पण अडेल, मग तो पुढे सांगतोय त्या यादीत टाका.

एक गोष्ट बंदीसारखी दिसते पण बंदी नसते, आणि यात लोकांचे आठवडे वाया गेलेले मी बघितलेत. व्हीपीएन लागतं, हिरवं होतं, व्हीपीएनच्या आतून पिंग (समोरचा उत्तर देतो का बघायचा छोटा निरोप) जातो, पण ऑफिसचं पोर्टल उघडत नाही किंवा अर्धवट उघडून थांबतं. लगेच निष्कर्ष: व्हीपीएन ब्लॉक केलंय. ब्लॉक केलं असतं तर लागलंच नसतं ना. हा एमटीयूचा घोळ असतो, म्हणजे एका पॅकेटची जास्तीत जास्त साइज. साधारण नेटवर्कवर ती १५०० बाइट असते, लाइन पीपीपीओई वर (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी ब्रॉडबँड) असेल तर १४९२, त्यात व्हीपीएन स्वतःचं वेष्टण घालतं म्हणजे आतली जागा अजून कमी. मोठं पॅकेट मावलं नाही तर वाटेतला राउटर 'छोटं पाठव' असा आयसीएमपी (पिंग ज्या प्रकारात येतो तोच) निरोप परत पाठवतो, पण आपल्या टेम्प्लेटवाल्या मुलाने आयसीएमपी पण बंद केलेलं असतं, कारण कुठेतरी ऐकलेलं की पिंग बंद केलं की हॅकर येत नाही. निरोप पोचत नाही, मोठी पॅकेटं गायब, छोटी जातात. व्हीपीएन क्लायंटमध्ये एमटीयू १३०० किंवा अगदी १२८० करून बघा, निम्म्या केसेस तिथल्या तिथे सुटतात.

आता मुळात एवढं सगळं बंद ठेवायची सवय का लागली. याची एक गोष्ट आपल्याच भागातली आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी मीडियाला एक ईमेल गेला, आणि पोलीस आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवर कनेक्शन ओळखायचा नंबर) काढत काढत पोचले नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. त्याचा काही संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्याच कोणीतरी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका ऑफिसच्या वायफायवरून गेले. मग फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने आदेश काढला की पब्लिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख घेतलीच पाहिजे, फोटो आयडी घ्या नाहीतर मोबाइलवर एसएमएसने पासवर्ड पाठवा. आज स्टेशनवर, कॅफेत, हॉस्पिटलमध्ये जो ओटीपी येतो त्याचं मूळ तिथे आहे, अर्थात आता त्याच ओटीपीतून मार्केटिंगसाठी नंबर पण गोळा करतात ही वेगळी गोष्ट.

त्या प्रकरणानंतर मालक लोकांच्या मनात जी भीती बसली ती गेली नाही. आणि भीती अगदीच खोटी आहे असंही नाही. हॉस्टेलमधली दीडशे मुलं बाहेर एकाच पब्लिक आयपीवरून दिसतात, त्यातल्या एकाने काही उद्योग केला तर पोलिसांचं पत्र येतं मालकाच्या नावाने, की अमुक तारखेला अमुक वाजून अमुक मिनिटांनी या आयपीच्या या पोर्टवरून कोण होतं ते कळवा. मालकाकडे लॉग (कोणी कधी काय वापरलं त्याची नोंद) नसतो, किंवा असतो पण घड्याळ चाळीस मिनिटं मागे, किंवा लॉगमध्ये पोर्टच नाही म्हणजे दीडशेपैकी कोण ते कळायला मार्ग नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देश आले त्यात कंपन्या आणि सर्व्हिस देणाऱ्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं सरकारी टाइम सर्व्हरशी जुळवायची हे आलं, आणि माझ्या मते त्यातला घड्याळाचा मुद्दा सगळ्यात कामाचा होता, ज्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. लॉग नीट ठेवायला पैसे लागतात, डिस्क लागते, माणूस लागतो. बंद करायला काहीच लागत नाही. म्हणून वेंडर मालकाला सांगतो 'साहेब सगळं बंद ठेवू, टेन्शन नको'. गंमत म्हणजे तो जो धमकीचा ईमेल गेला होता तो ब्राउझरमधून वापरायच्या वेबमेलवरून, म्हणजे जे दार आजही सताड उघडं आहे त्यातूनच. बाकीची दारं बंद ठेवून मालकाला सुरक्षित वाटतं, एवढंच.

दुसरं कारण बँडविड्थ, आणि यात मी मालकाच्या बाजूने आहे. १०० एमबीपीएसची एक लाइन आणि दीडशे मुलं, त्यात चारपाच जणांनी टॉरेंट लावलं तर प्रश्न फक्त स्पीडचा राहत नाही. टॉरेंट एकाच वेळी शेकडो कनेक्शन उघडतं, छोट्या राउटरच्या नॅट टेबलला (कुठलं कनेक्शन कोणाचं ही त्याची यादी) मर्यादा असते, ती भरली की बाकीच्यांचं साधं गूगलसुद्धा उघडत नाही, आणि मग रात्री अकरा वाजता मॅनेजरचा फोन मला. तिथे टॉरेंट बंद करणं बरोबरच आहे. फक्त टॉरेंट बंद करायला सगळं यूडीपी मारायची गरज नसते, प्रत्येक युजरला कनेक्शनची आणि स्पीडची मर्यादा घातली की भागतं, पण ते करायला अर्धा तास बसून सेटिंग करावं लागतं.

तिसरं म्हणजे कॅटेगरीचे टिकमार्क. फायरवॉलमध्ये वेबसाइटचे गट तयार असतात, अडल्ट, जुगार, हॅकिंग, आणि त्याच रांगेत 'प्रॉक्सी आणि व्हीपीएन' असा एक गट असतो. मुलगा वरून खाली टिक करत जातो. हे गट बनवणारं सॉफ्टवेअर बाहेरचं, त्याला कधीकधी काय कशात टाकावं कळत नाही, हॉस्पिटलच्या गेस्ट वायफायवर ब्रेस्ट कॅन्सरची माहिती अडल्ट म्हणून अडली, असा प्रकार मी डोळ्यांनी बघितलाय, बाहेर बाकावर पेशंटचे नातेवाईक बसलेले आणि त्यांना नेमकं तेच वाचायचं होतं.

चौथा प्रकार म्हणजे शेजारच्याचा प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर मोबाइल कास्ट होत नाही. याला क्लायंट आयसोलेशन म्हणतात, एका वायफायवरची दोन उपकरणं एकमेकांना दिसू द्यायची नाहीत. हे चांगलं आहे, कृपा करून उघडायला सांगू नका, कारण उघडलं तर तुमचा लॅपटॉप पण दीडशे जणांना दिसेल. आणि गावाकडच्या घरचा सीसीटीव्ही हॉस्टेलवरून दिसत नाही ही तक्रार असते त्यात बऱ्याचदा हॉस्टेलचा दोषच नसतो, घरच्या लाइनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो. आपल्या आशिया-पॅसिफिक भागाचा आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपी अ‍ॅड्रेसचा, साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला, तेव्हापासून कंपन्या एका पब्लिक आयपीमागे शेकडो घरं ठेवतात. राउटरच्या स्टेटस पेजवर डब्ल्यूएएन आयपी (बाहेरच्या बाजूचा आयपी) १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात दिसला तर समजा तुम्ही त्यात आहात, पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून घरातल्या उपकरणापर्यंत वाट काढून देणारं सेटिंग) मागे लागून उपयोग नाही.

कायद्याचं विचारलंत. इंटरनेट कंपनी, म्हणजे जिच्याकडे सरकारचं लायसन्स आहे ती, नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या साइट आणि अ‍ॅपला सारखी वागणूक) नियमात येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक) वेगवेगळ्या साइटला वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने ट्रॅफिकमध्ये भेदभाव करायचा नाही हे तत्त्व मान्य करून लायसन्सच्या अटींत घेतलं. म्हणजे तुमच्या मोबाइल कंपनीने उद्या व्हॉट्सअ‍ॅप कॉल बंद केले तर तक्रार करता येते. हॉस्टेलकडे असलं लायसन्स नसतं, ते स्वतःची घेतलेली लाइन आपल्या राहणाऱ्यांना वापरू देतात, त्यांनी काय चालू ठेवायचं हे त्यांच्या नियमात येतं. माझ्या समजुतीप्रमाणे तिथे नेट न्यूट्रॅलिटीचा मुद्दा काढून काही हाती लागत नाही. हो, पण तुमच्या करारात किंवा जाहिरातीत 'वर्क फ्रॉम होमसाठी हायस्पीड वायफाय' असं लिहिलेलं असेल तर तो कागद हातात घेऊन जा, तो कोणत्याही कायद्यापेक्षा लवकर काम करतो.

व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. २०२२ च्या सर्ट-इन निर्देशांची बातमी अशी फिरली की व्हीपीएनवर बंदी आली, तसं काही नव्हतं, लोकांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची असं होतं, ते पटलं नाही म्हणून काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. ऑफिसच्या आतल्या व्हीपीएनला तो नियम नाही, हे सर्ट-इननेच नंतर स्पष्ट केलं. एखाद्या जिल्ह्यात तात्पुरते आदेश निघतात, जम्मू-काश्मीरमध्ये निघालेत, तिथे गेलात तर स्थानिक आदेश बघायचा.

काश्मीरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो कारण तो आमच्या धंद्यातल्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं इंटरनेट बंद झालं, १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील, मग त्याच महिन्यात टूजी सुरू केलं पण फक्त यादीतल्या वेबसाइटसाठी, आधी १५३, आठवडाभरात ३०१. आता वेबसाइट ही एका पत्त्यावरून येतच नाही. बँकेचं पान उघडलं तरी त्याचे फॉन्ट एकीकडून, स्क्रिप्ट दुसरीकडून, फोटो तिसरीकडच्या सीडीएनवरून (अशा फाइल पुरवणारे वेगळे सर्व्हर), ओटीपीचं पान अजून कुठून. यादीत फक्त मुख्य नाव असेल तर पान उघडतं पण मोडकं, बटण दाबलं तर काही होत नाही. म्हणून यादीतल्या कित्येक साइट प्रत्यक्षात वापरता येत नव्हत्या. पूर्ण फोरजी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. आणि हाच प्रकार मी शाळा-कॉलेजांत बघतो, प्रिन्सिपल सर म्हणतात 'फक्त अभ्यासाच्या वीस साइट चालू ठेवा', मी सांगतो सर त्या वीस साइटसाठी दोनशे नावं उघडावी लागतील आणि ती दर महिन्याला बदलतील, ते म्हणतात तुम्ही बघा काहीतरी.

सरकारी बंदी ओळखायची कशी? सोपं आहे. तीच गोष्ट तुमच्या मोबाइल डेटावर करून बघा. टिकटॉक जून २०२० पासून बंद आहे, ते हॉस्टेलवर पण नाही आणि मोबाइलवर पण नाही, ते आयटी कायद्याच्या ६९अ खालचं काम, कंपन्याच बंद करतात. आंदोलनाच्या वेळी बीड-जालन्याकडे २०२३ मध्ये इंटरनेट बंद झालं होतं तसलं काही असेल तर तो गृह खात्याचा आदेश, जास्तीत जास्त पंधरा दिवसांचा एका वेळी. यातल्या कशातच हॉस्टेलचा मॅनेजर काही करू शकत नाही. पण मोबाइल डेटावर चालतंय आणि वायफायवर नाही, तर बंदी त्या बॉक्समध्ये आहे आणि तिथे बोलून उपयोग आहे.

अजून एक चाचणी, रात्री तीन वाजता करून बघा. तेव्हा कॉल लागत असेल तर बंदी नाही, गर्दी आहे. आणि एरर कसा येतो ते बघा, लगेच नकार आला तर फायरवॉलने नाही म्हटलं, बराच वेळ गोल फिरून मग टाइमआउट झालं तर पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातंय. दोन्हीचा अर्थ बंद असाच, पण वेंडरला सांगताना हे सांगितलं की त्याला कळतं समोरच्याला थोडंफार समजतंय.

लॉगिनचंच पान उघडत नाही म्हणून 'नेट बंद' म्हणणारे पण खूप असतात, त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला कुठलं तरी नाव टाकून ठेवलं असेल, जाहिराती घालवायला बरेच जण टाकतात, तर ते ऑटोमॅटिकवर आणा, नाहीतर ओटीपीचं पानच येणार नाही. पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा, ते मुद्दाम साधं, एन्क्रिप्शन नसलेलं एचटीटीपी ठेवलंय म्हणून वायफायच्या लॉगिन पोर्टलला ते अडवून स्वतःचं पान दाखवता येतं. आणि तुमच्या लॅपटॉपला खास परवानगी मॅक अ‍ॅड्रेसवर (उपकरणाचा स्वतःचा ओळख नंबर) दिलेली असेल तर त्या नेटवर्कपुरतं रँडम मॅक (तो नंबर बदलत राहायचं सेटिंग) बंद करा, नाहीतर काही दिवसांनी परवानगी 'उडते' आणि परत मॅनेजरशी वाद. रेल्वे स्टेशनच्या वायफायवर अर्धा तास फुकट असतो तो संपल्यावर पण लोक म्हणतात ब्लॉक केलं, त्याला पैसे भरायचे प्लॅन आहेत, दहा रुपयांपासून सुरू झाले होते.

त्यांना काय दिसतं? तुम्ही कोणत्या साइटवर गेलात तिचं नाव दिसतं, किती वेळ, किती डेटा. पानावर काय वाचलं, कोणाला काय मेसेज केला, पासवर्ड, हे दिसत नाही, एचटीटीपीएस त्यासाठीच आहे. अपवाद एकच, आणि तो नीट ऐका. वायफाय वापरायच्या आधी तुम्हाला एखादी सर्टिफिकेट फाइल इन्स्टॉल करायला सांगितली, तर ते फायरवॉलला तुमचं एन्क्रिप्शन उघडून आत बघू देण्यासाठी असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ऑफिसने केलं तर त्यांचा हक्क. स्वतःच्या फोनवर, जिथून तुमचं बँकेचं अ‍ॅप चालतं, हॉस्टेलच्या सांगण्यावरून कधीही नाही. तसं कोणी सांगितलं तर ते वायफाय वापरू नका, विषय संपला.

आता उपाय. बंदी चुकवायची अ‍ॅप असतात, ट्रॅफिक वेगळ्याच रूपात पाठवणारी, ती इथे सांगत नाही, कारण एक तर ओटीपीने तुमचं नाव त्या सेशनला चिकटलेलं आहे, दुसरं म्हणजे ऑफिसच्या लॅपटॉपवर असलं काही टाकलंत तर हॉस्टेलच्या आधी तुमच्या कंपनीची सिक्युरिटी टीम तुम्हाला शोधेल. आधी ऑफिसच्या आयटीला विचारा की टीसीपी ४४३ वर चालणारं व्हीपीएन आहे का, बऱ्याच कंपन्यांकडे असतं, फक्त मागणाऱ्याला देतात. ते मिळालं तर हॉस्टेलला काही बोलायलाच नको.

नसेल तर त्यांच्याकडून गेटवेचा (व्हीपीएन ज्या सर्व्हरला जोडतं तो) आयपी अ‍ॅड्रेस आणि पोर्ट लिहून घ्या आणि हॉस्टेलच्या मॅनेजरला नाही, त्याच्यामार्फत वायफाय वेंडरला असा मेसेज पाठवा: 'नमस्कार, मी रूम अमुकमध्ये राहतो. माझ्या कंपनीच्या व्हीपीएनसाठी फक्त या एका आयपीवर यूडीपी ५०० आणि ४५०० आउटगोइंग सुरू करावेत ही विनंती. मेलसाठी टीसीपी ५८७ आणि ९९३. व्हॉट्सअ‍ॅप आणि टीम्स कॉलसाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१. मोबाइल डेटावर हे सगळं चालतं, वायफायवर टाइमआउट होतं, वेळ कधीही. लॅपटॉपचा मॅक सोबत देतोय. कंपनीचं पत्र हवं असल्यास देईन.' बस. 'व्हीपीएन चालू करा' असं लिहिलंत तर वेंडर नाही म्हणणार, कारण त्याच्या डोक्यात व्हीपीएन म्हणजे पोरं भलत्या साइट बघणार. एका आयपीसाठी दोन पोर्ट म्हटलं की त्याचं दोन मिनिटांचं काम आणि त्याच्यावर काही बालंटही येत नाही. मला असे मेसेज येतात तेव्हा मी मालकाला विचारतसुद्धा नाही, उघडून देतो.

दुबईच्या भावाचं प्रकरण मात्र अगदी वेगळं आहे, तिथे हा मेसेज कोणाला पाठवून उपयोग नाही. यूएईमध्ये इंटरनेटवरून कॉल ही लायसन्सची सर्व्हिस आहे, टीडीआरए नावाचं नियामक मंडळ ठरवतं कोणती अ‍ॅप चालतील, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज चालतात पण कॉल चालत नाहीत, हॉटेलचं वायफाय असो नाहीतर स्वतःचं सिम. तो बोटिम (तिथे परवानगी असलेलं कॉलिंग अ‍ॅप) वापरत असेलच, नाहीतर झूम, टीम्स यांना परवानगी आहे, घरच्यांशी बोलायला त्यातलं काहीतरी घ्या. आणि त्याला कोणी 'व्हीपीएन टाक, सगळेच टाकतात' असं सांगत असेल तर ते इकडच्यासारखं घेऊ नका. तिथल्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएन वापरलं तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होऊन वीस लाखांपर्यंत जातो, ऑफिसचं कामाचं व्हीपीएन वेगळं. आईला व्हिडिओ कॉल करायला एवढी जोखीम घेऊ नका, बोटिमचा आवाज काही वाईट नाही.

वेंडरकडून उत्तर आलं की 'आमच्या राउटरमध्ये तसं ऑप्शनच नाहीये', तर राउटरचं मॉडेल विचारून घ्या. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला घरगुती बॉक्स असेल तर तो खरं बोलतोय, त्यात एका आयपीपुरता नियम करता येत नाही. पण मग त्यात एवढी कडक बंदी पण नसते, तेव्हा आधी एमटीयू बघा, आणि राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाचं सेटिंग दिसलं तर ते बंद करायला सांगा, ऑफिसचा इंटरनेट फोन त्यानेच अडतो. तरी नाही जमलं तर कॉलपुरतं आणि व्हीपीएनपुरतं मोबाइलचं हॉटस्पॉट वापरा, आपल्याकडे डेटा स्वस्त आहे, आणि मोठे डाउनलोड, विंडोजचे अपडेट वगैरे वायफायवर ठेवा, ते ४४३ वरून जातं, त्याला कोणी हात लावत नाही.